चुंबकमापीसाठी पैसे मागताना: बेळगावातून केलेल्या प्रस्तावाचा हिशेब

अंतराळातून पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणासाठी निधी मागायला बसलं की अंदाजपत्रकाची पहिली ओळ सेन्सरची लिहिली जाते. आमच्या पहिल्या प्रस्तावातही तसंच होतं. सेन्सर, त्याचं इलेक्ट्रॉनिक्स, एक चांगला ऑसिलोस्कोप आणि खाली राहिलेल्या जागेत ‘चाचणी व इतर’. प्रस्ताव परत आला. शेऱ्यांमध्ये कामाचं वाक्य एकच होतं: उपकरणाची अचूकता एक नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक, टेस्लाचा अब्जावा भाग) आहे म्हणता, ती तुमच्या आवारात सिद्ध कशी करणार?

या प्रश्नाला आमच्याकडं उत्तर नव्हतं. दुसरा प्रस्ताव लिहिला तो या उत्तरापासून, आणि अंदाजपत्रक उलटं झालं. सेन्सर खाली गेला. वर आले प्रोटॉन चुंबकमापी, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र अडवणारा म्यू-मेटलचा डबा, तांब्याची तार आणि गाडीभाडं. सीमाभागातल्या एखाद्या महाविद्यालयाला याच वाटेनं जायचं असेल तर कुठं काय अडतं ते इथं मांडलं आहे.

आधी आकडे. जमिनीवर पृथ्वीचं क्षेत्र विषुववृत्तीय पट्ट्यात कमीत कमी सुमारे २५ हजार आणि ध्रुवांकडे ६५ हजार नॅनोटेस्लापर्यंत असतं. बेळगावात ते ४१ ते ४२ हजारांच्या मधे येतं आणि बरंचसं आडवंच असतं, कारण चुंबकीय विषुववृत्त (जिथं क्षेत्र पूर्ण आडवं असतं) भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. या ४१ हजारांत एका नॅनोटेस्लाचा फरक ओळखायचा. लांबीच्या भाषेत सांगायचं तर ४१ मीटरच्या भिंतीत एक मिलिमीटर. त्यात दिशाही हवी. ४१,५०० नॅनोटेस्लाच्या क्षेत्रात अक्ष एका कोनीय सेकंदानं (अंशाच्या ३,६०० व्या भागानं) चुकला तरी ०.२ नॅनोटेस्लाची चूक होते, एका कोनीय मिनिटाला १२ ची. वर्कशॉपमध्ये ‘काटकोन बघितलाय सर’ म्हणतात, तो गुण्याचा काटकोन इथं पुरत नाही. युरोपीय अंतराळ संस्थेचे स्वार्म उपग्रह २२ नोव्हेंबर २०१३ ला गेले. त्यांच्या चार मीटर दांड्यावर दिशा मोजणारा फ्लक्सगेट जातीचा सेन्सर (तो कसा चालतो ते पुढं येईल) आणि टोकाला हेलियमवर चालणारा, फक्त मूल्य मोजणारा चुंबकमापी आहे. फ्लक्सगेटच्या शेजारी त्याच बैठकीवर तारे पाहणारे कॅमेरे बसवलेत. एवढा खटाटोप या कोनीय सेकंदासाठी आहे.

पैसे कुठं मागायचे हा भाग लोकांना सगळ्यात अवघड वाटतो. आमच्या मते तो सगळ्यात सोपा. विद्यार्थ्यांच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला कर्नाटक राज्य विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची विद्यार्थी प्रकल्प योजना आहे. काही हजार रुपये मिळतात. त्यात पहिलं फेराइट रिंगवरचं प्राथमिक मॉडेल होतं, आणि हे मॉडेल मोठ्या प्रस्तावाला जोडता येतं. मोठ्या रकमेसाठी इस्रोची रिस्पॉन्ड योजना. तिथल्या केंद्रांना हवे असलेले विषय ‘रिस्पॉन्ड बास्केट’ नावानं निघतात. आपला विषय त्यात बसतो का ते आधी पाहावं. बसत असेल तर त्या केंद्रातल्या शास्त्रज्ञाशी बोलल्याशिवाय एक ओळही लिहू नये. सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानावरचा चुंबकमापी बेंगळुरूच्या लिऑस या इस्रोच्या प्रयोगशाळेत झाला. तिथल्या लोकांना सेन्सर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही, ते थेट तुमच्या तापमान गुणांकावर (दर अंशाला मोजमाप किती सरकतं त्यावर) बोट ठेवतात. दक्षिणेसाठीचं अंतराळविषयक शैक्षणिक केंद्र सुरतकलच्या एनआयटीत आहे. सुरतकल किनाऱ्यावर असलं तरी आपल्याला बेंगळुरूपेक्षा जवळ. याशिवाय पूर्वीच्या विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळाची (एसईआरबी) जागा २०२३ च्या कायद्यानं आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली आहे. तिथं मूलभूत प्रश्न लागतो, ‘देशी बनावटीचं उपकरण’ एवढ्यावर भागत नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. तयार तीन-अक्षी फ्लक्सगेट परदेशातून विकत घेऊन त्यावर काम करतो म्हटलं, तर परीक्षक विचारतात यात नवीन काय. सगळंच स्वतः करतो म्हटलं, तर ते तीन वर्षांत होत नाही. म्हणून संशोधनाचा प्रश्न एकच आणि लहान ठेवावा. आमचा होता: गाभ्याची पट्टी गुंडाळल्यावर आणि तापवल्यावर तिचा गोंगाट (संकेतातली नको ती थरथर) किती कमी होतो, आणि तापमानाबरोबर उपकरणाचं प्रमाण (क्षेत्र आणि वाचन यांचं गुणोत्तर) किती सरकतं.

गाभा म्हणजे फ्लक्सगेटचा जीव. उच्च चुंबकशीलतेच्या पातळ पट्टीची अंगठी करतात, तिच्यावर चालकतार गुंडाळतात आणि साधारण १५ किलोहर्ट्झच्या प्रवाहानं ती अंगठी प्रत्येक आवर्तनात दोनदा पूर्ण संपृक्त करतात, म्हणजे आणखी चुंबकित होऊ शकणार नाही इतकी भरतात. बाहेरचं क्षेत्र शून्य असेल तर दोन्ही अर्धे समसमान. संकेत टिपणाऱ्या गुंडाळीत दुप्पट वारंवारतेचं काही येत नाही. बाहेरून क्षेत्र आलं की एक अर्धा आधी संपृक्त होतो आणि ३० किलोहर्ट्झचा संकेत उमटतो. तो वाचून उलट्या दिशेनं प्रवाह सोडायचा, गाभ्यातलं क्षेत्र पुन्हा शून्यावर आणायचं. त्या प्रवाहाचा आकडा हेच मोजमाप.

ऐकायला सरळ आहे. पण सहा टक्के मॉलिब्डेनम आणि ८१ टक्क्यांच्या आसपास निकेल असलेली परमॅलॉयची पट्टी वाकवली की तिची चुंबकशीलता मरते. म्हणून आधी गुंडाळायची, मग हजार अंश सेल्सिअसच्या वर हायड्रोजनच्या भट्टीत तापवायची, आणि नंतर तिला हात लावायचा नाही. जगभरातल्या अनेक मोहिमांनी वापरलेले जुने नावाजलेले रिंग-गाभे आता बनत नाहीत. उरलेल्या साठ्यावर कामं चालली, आणि म्हणूनच अमेरिकेतल्या आयोवासारख्या विद्यापीठांनी गाभा पहिल्यापासून स्वतः बनवायला घेतला. बेळगावात उष्णता-प्रक्रिया करणारी दुकानं पुष्कळ, पण त्यांच्या भट्ट्या क्रँकशाफ्ट आणि गिअरसाठी. हायड्रोजनची भट्टी बाहेरगावी शोधावी लागते. एका वेळी किती गाभे तापवले याला भट्टीवाला महत्त्व देत नाही, बॅचचे पैसे घेतो. त्यामुळं अंदाजपत्रकात ‘तापप्रक्रिया: सहा बॅच’ असं लिहावं, ‘सहा गाभे’ नव्हे. प्रत्येक बॅचमध्ये वीसेक अंगठ्या घालाव्यात. एकाच बॅचमधल्या अंगठ्यांचाही गोंगाट दुपटीतिपटीनं वेगळा निघतो. निवडायला संख्या लागते. भट्टी मिळेपर्यंत कोबाल्टयुक्त अनाकार (स्फटिकरचना नसलेल्या) पट्टीवर काम सुरू करता येतं. तिला एवढं तापवावं लागत नाही. हा पर्याय प्रस्तावात लिहून ठेवला, तर पहिलं वर्ष वाया गेलं असं अहवालात लिहायची वेळ येत नाही.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये परीक्षक दोन ठिकाणी पकडतात. पहिलं, अॅनालॉग-डिजिटल रूपांतरक. अधिक-उणे ६० हजार नॅनोटेस्लाचा मोजमापाचा पल्ला १६ बिटांत वाटला तर एक पायरी १.८ नॅनोटेस्लाची होते. तिथंच दावा कोसळतो. २४ बिटांत ती ०.००७ होते, म्हणजे मर्यादा मग रूपांतरकाच्या गोंगाटाची. दुसरं, तापमान. क्षेत्र शून्यावर आणणारी गुंडाळी तांब्याची आहे, तांबं दर अंशाला लाखात १.७ भाग फुगतं. ४० हजार नॅनोटेस्लावर ते ०.६८ नॅनोटेस्ला प्रति अंश झालं. चौकट घोटीव सिरॅमिकची केली तर साधारण निम्मं होतं. आणि प्रवाह मोजणारा रोधक २५ पीपीएमचा (दर अंशाला दहा लाखात २५ भाग बदलणारा) घेतला तर त्याचा एकट्याचा वाटा एक नॅनोटेस्ला प्रति अंश. कक्षेत उपग्रह दीड तासात ऊन-सावलीचा फेरा करतो. तिथं वीस-तीस अंशांचा झोल सहज होतो. हा गुणाकार प्रस्तावातच करून दाखवावा. गुंडाळीला विद्युतदाब देऊन चालत नाही, प्रवाह द्यावा लागतो, कारण तांब्याचा रोध अंशाला ०.३९ टक्के वाढतो. हे वाक्य नसलं की इलेक्ट्रॉनिक्सवाला परीक्षक पुढचं पान उलटत नाही.

आता ‘सिद्ध कसं करणार’. पहिली गरज हेल्महोल्ट्झ गुंडाळ्यांची, म्हणजे मधल्या जागेत एकसारखं क्षेत्र देणाऱ्या समोरासमोरच्या जोड्यांची: तीन अक्षांना तीन जोड्या. प्रत्येक गुंडाळी अर्धा मीटर त्रिज्येची आणि ५० वेढ्यांची धरली तर ६० हजार नॅनोटेस्लासाठी ०.६७ अँपिअर लागतात. २० गेजची इनॅमलची तार सहा गुंडाळ्यांना मिळून सुमारे ९४० मीटर, वजन साडेपाच किलो. आतल्या जोड्या एकात एक बसायला थोड्या लहान करतात, तेवढी कमी. ही तार वैज्ञानिक साहित्याच्या कॅटलॉगमधून मागवू नये. गल्लीतला मोटर वाइंडिंगवाला तीच तार किलोवर घेतो. शेतकऱ्यांच्या पाण्यात बुडणाऱ्या मोटारी रात्रीत भरून देणारे हे कारागीर आहेत. त्यांच्या हाताचा ताण कुठल्याही विद्यार्थ्याच्या हातापेक्षा सारखा असतो. फक्त एक समजावून सांगावं लागतं. मोटारीत वेढे खाचेत दडपले तरी चालतात, इथं प्रत्येक वेढा आपल्या जागी आणि दोन्ही गुंडाळ्यांत संख्या नेमकी सारखी. आमच्या वाइंडरनं पहिल्या जोडीत एका बाजूला ५१ वेढे घातले होते. “सर, एक वेढा जास्तच दिलोय, कमी तर नाही.” त्या एका वेढ्यानं केंद्राजवळ क्षेत्राला उतार आला. गुंडाळी उलगडावी लागली, कारण कुठला वेढा जास्तीचा ते बाहेरून दिसत नाही. तेव्हापासून चौकटीवर दर दहा वेढ्यांना खडूची खूण करतात.

गुंडाळीची मर्यादाही माहीत असावी. अक्षावर केंद्रापासून त्रिज्येच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे पाच सेंटिमीटरवर, क्षेत्र ०.०११५ टक्क्यानं कमी असतं. आकडा बारीक वाटतो, पण ४० हजारांवर तो साडेचार नॅनोटेस्ला आहे. शिवाय ६० हजारांत एक नॅनोटेस्ला म्हणजे प्रवाह सुमारे १७ पीपीएमला स्थिर हवा. प्रयोगशाळेतल्या साध्या पुरवठ्याचं ते काम नाही. म्हणून गुंडाळीवर फक्त रेषीयता आणि पल्ला तपासावा. निरपेक्ष अंशमापन (कॅलिब्रेशन) उघड्यावर पृथ्वीच्याच क्षेत्रात करावं.

ती पद्धत अशी. त्रिअक्षी सेन्सरमध्ये नऊ अज्ञात असतात: तीन शून्यविचलनं (क्षेत्र नसतानाही दिसणारे आकडे), तीन प्रमाण, तीन अक्षांमधले कोन. सेन्सर कसाही फिरवला तरी तिन्ही घटकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ तिथल्या क्षेत्राच्या मूल्याइतकं यायला हवं. ते मूल्य शेजारी ठेवलेला प्रोटॉन चुंबकमापी सांगतो. त्यात द्रवातल्या हायड्रोजनच्या केंद्रकांची फिरकी ऐकायची असते, ४१,५०० नॅनोटेस्लाला सुमारे १,७६७ हर्ट्झ. हा आकडा निसर्गाचा, कुठल्या कंपनीचा नव्हे. म्हणूनच परीक्षक तो मान्य करतात. नऊ दिशांत कागदावर भागतं, पण आम्ही पन्नासेक घेतो, गोलावर सगळीकडे पसरतील अशा. प्रोटॉन चुंबकमापीचाच सुधारित प्रकार असलेलं ओव्हरहाउजर जातीचं यंत्र घेतलं तर वाचन जलद होतं आणि अचूकता ०.२ नॅनोटेस्लाच्या आसपास जाते. ते महाग आणि आयातीचं. पण प्रस्तावात कापायचं झालंच तर ऑसिलोस्कोप कापावा, हे नव्हे. साधा प्रोटॉन चुंबकमापी असेल तर तो फ्लक्सगेटपासून पाच मीटर दूर ठेवावा, कारण प्रत्येक वाचनाआधी तो स्वतः मोठं क्षेत्र निर्माण करतो. दोन जागांमधला फरक आधी मोजून वजा करावा लागतो.

उघडं मैदान मिळालं की झालं, असं वाटतं. इथंच बेळगावची जमीन आडवी येते. दख्खनच्या काळवथराची (बेसाल्टची) दक्षिण कड इथवर पोचते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड होताना त्या खडकात त्या वेळचं क्षेत्र गोठून राहिलंय, आणि ते आजच्यापेक्षा वेगळ्या दिशेचं आहे. अशा खडकावर एक मीटर बाजूला सरकलं तर शेकड्यांनी फरक पडतो. आवारातली इमारत जांभ्याच्या चिऱ्याची, स्लॅबमध्ये सळ्या, पार्किंगमध्ये चारचाकी. वीस मीटरवर उभ्या गाडीचेही काही नॅनोटेस्ला येतात. रेल्वेमार्ग जवळ असेल तर गाडीचं वेळापत्रक पाठ होतं. जुनीच दुखणी आहेत ही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते काम १९०४ मध्ये अलिबागला न्यावं लागलं. तिथल्या इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळलंय. आजही भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथं नोंदी घेते, आणि आपल्या मोजमापाच्या रात्री वातावरण शांत होतं की नाही हे ताडून पाहायला त्या नोंदी उपयोगी पडतात.

म्हणून प्रस्तावात ‘जागा शोध’ हे वेगळं काम लिहावं आणि त्याला गाडीभाडं मागावं. काळवथर सोडून ईशान्येला गोकाककडे गेलं की वाळूचे आणि क्वार्टझाइटचे खडक लागतात. त्यात चुंबकीय खनिज फार कमी. खानापूरकडचं जंगल शांत आहे, पण तिथं लोहयुक्त खडकाचे पट्टे निघतात. जागा नकाशावरून ठरवू नये. दहा मीटरचा चौरस आखावा, मीटर-मीटरवर वाचनं घ्यावीत, जमिनीपासून एक मीटरवर आणि दोन मीटरवर. वरच्या आणि खालच्या वाचनात एक नॅनोटेस्लापेक्षा जास्त फरक नसेल अशी जागा मिळेपर्यंत शोधावं. आम्ही अकरा ठिकाणं टाकली. एक जागा फार छान निघाली होती. दुसऱ्या भेटीत तिथून पन्नास फुटांवर बोअर मारून लोखंडी केसिंग घातलेलं होतं. मालकाची संमती कागदावर घ्यायची ती यासाठीच, आणि संमतीत ‘केसिंग, तारेचं कुंपण, पत्र्याचं शेड’ हे शब्द हवेत.

मोजमाप रात्री दहानंतर. दिवसा वातावरणाच्या वरच्या थरातल्या प्रवाहांनी क्षेत्र दहांच्या पटीत नॅनोटेस्लांनी चढतं-उतरतं. दक्षिणेत तर जास्तच. बैठक लाकडाची. सुताराला ‘खिळा नको’ सांगून भागत नाही. तो फेविकॉल लावतो आणि वाळेपर्यंत धरून राहावं म्हणून दोन बारीक खिळे मारतोच. लाकडी खुंट्या त्याच्यासमोर उभं राहून मारून घ्याव्यात. मग माणसं. मोबाइल, घड्याळ, किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल हे सगळ्यांना सुचतं. आमच्या पहिल्या रात्री नऊ अज्ञात सोडवल्यावर उरलेली चूक नऊ नॅनोटेस्लाची होती, आणि ती ठरावीक दिशांतच वाढत होती. सेन्सर फिरवणारी संशोधन सहायक ज्या दिशांना त्याच्या जवळ वाकत होती, त्याच त्या दिशा. शोधता शोधता मंगळसूत्रात अडकवलेल्या दोन सेफ्टी पिना सापडल्या. त्या काढल्यावर चूक दोनाच्या खाली आली. करदोड्याला किल्ली बांधणारे, चष्म्याच्या दांडीत पोलादी स्प्रिंग असणारे, पादत्राणाच्या तळव्यात पट्टी असणारे: प्रत्येकाला आधी सेन्सरजवळून चालवून बघायचं, आकडा हलला की बाहेर.

यंत्रकामाचीही तीच कथा. उद्यमबाग या इथल्या औद्योगिक वसाहतीत चांगल्या सीएनसी मशीन आहेत आणि अॅल्युमिनियमचा डबा दोन दिवसांत मिळतो. पण त्याच मशीनवर आदल्या पाळीत बिडाचे जॉब झालेले असतात. बिडाचा काळा भुसा कूलंटमध्ये असतो, व्हाइसच्या जबड्यात असतो, आणि मऊ अॅल्युमिनियममध्ये तो रुततो. डोळ्यांना दिसत नाही. डबा सेन्सरपासून दोन सेंटिमीटरवरून सावकाश फिरवला की आकडा ठिकठिकाणी उड्या मारतो. उपाय साधे: कूलंट बदलून घ्यायचं, जबड्यांना अॅल्युमिनियमचे पत्रे लावायचे, शेवटचा कट नव्या टूलनं. आणि नंतर सौम्य आम्लानं धुवायचं. दुकानदार कूलंट बदलायचे वेगळे पैसे मागतो. कोटेशनमध्ये ते आधीच लिहून घ्यावेत, नाही तर बिलाला मान्यता मिळत नाही. स्क्रू पितळेचे किंवा टायटॅनियमचे. ‘स्टेनलेस आहे, चुंबक लागत नाही’ यावर जाऊ नये; ३०४ चा स्क्रू थंड अवस्थेत दाबून बनवलेला असतो आणि त्या दाबानंच तो थोडा चुंबकीय होतो. पितळेच्या पाकिटातही निकेलचा मुलामा असलेले मिसळतात. एकेक स्क्रू तपासून दोन डब्यांत टाकायचे. दोनशेच्या पाकिटाला एक संध्याकाळ जाते.

म्यू-मेटलचा तीन थरांचा डबा गोंगाट मोजायला लागतो. तो पडला, आपटला की त्याचा गुण उतरतो आणि पुन्हा हायड्रोजनच्या भट्टीत न्यावा लागतो. त्यामुळं खरेदीच्या आदेशात पॅकिंगची अट लिहावी आणि शिपायाला तो उचलू देऊ नये.

खरेदी हा स्वतंत्र विषय. मंजुरी आल्यावर पहिला हप्ता येईपर्यंत वर्षाचा शेवट जवळ येतो. ३१ मार्चनंतर उपयोगिता प्रमाणपत्र नमुना १२-अ मध्ये द्यायचं, सोबत लेखापरीक्षकाची सही. शिल्लक रक्कम पुढं न्यायची परवानगी लेखी मागावी. हप्त्यावरचं व्याज आपलं नसतं, ते सरकारी तिजोरीत परत भरायचं. अनुदानाची तशी अट असेल तर वस्तू आधी सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर पाहायची. नसेल तर तसा अहवाल काढून फाइलला लावायचा आणि मगच बाहेरून घ्यायची. ‘परमॅलॉय पट्टी’ जेमवर शोधली की पॅकिंगची पट्टी निघते. तो अहवालसुद्धा जपून ठेवावा, लेखापरीक्षणात उपयोगी पडतो. कोटेशनशिवाय किती रकमेची खरेदी चालते याच्या मर्यादा बदलत असतात, त्या दर वर्षी नव्यानं पाहाव्यात. आयातशुल्काच्या सवलतीसाठी संस्थेची केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे (डीएसआयआर) नोंदणी लागते. ती प्रस्ताव लिहितानाच करायला घ्यावी, वस्तू कस्टम्समध्ये अडकल्यावर नव्हे.

आमची एक फाइल चार महिने अडली ती हेल्महोल्ट्झ गुंडाळीवर. तार उपभोग्य वस्तूंत घेतली, चौकट वर्कशॉपच्या बिलात, पुरवठा उपकरणांत. तिन्ही मिळून प्रयोगशाळेत एक मोठी मालमत्ता उभी राहिली जिची खरेदीच कुठं नाही. लेखाविभाग विचारतो, ही आली कुठून? आता अंदाजपत्रकातच ‘संस्थेत निर्मिती: त्रिअक्षी गुंडाळी संच’ अशी एक ओळ घालतो आणि पूर्ण झाल्या दिवशी साठा-नोंदवहीत क्रमांक टाकतो.

मनुष्यबळाचा हिशेब बेळगावकरांनी जरा बघून करावा. केंद्राच्या २०२३ पासूनच्या दरानं कनिष्ठ संशोधन छात्राला (जेआरएफ) पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, तिसऱ्या वर्षी ४२ हजार. तीन वर्षांचे १३ लाख ९२ हजार. वर घरभाडं. केंद्राच्या घरभाडे-वर्गवारीत बेळगाव ‘वाय’ वर्गातलं शहर आहे, निपाणी किंवा खानापूर ‘झेड’मध्ये. २० आणि १० टक्के धरले तर २ लाख ७८ हजार आणि १ लाख ३९ हजार, एवढा फरक. निपाणीच्या महाविद्यालयानं बेळगावच्या प्रस्तावाची नक्कल करून आकडे भरले तर ते कापले जातात, आणि कापताना कधी कधी शेजारचा स्तंभही कापला जातो.

उड्डाणाचं वचन पहिल्या प्रस्तावात देऊ नये. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेत ठेवून त्यावर प्रयोग करू देणारं पोएम व्यासपीठ आहे, त्याची वाट इन-स्पेस या खासगी अंतराळकामांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत जाते, आणि ३० डिसेंबर २०२४ च्या उड्डाणात त्यावर २४ प्रयोग होते, काही महाविद्यालयांचेही. संधी खरी आहे. पण तिथं चुंबकमापी यंत्रणेच्या अंगाला चिकटून बसतो. बॅटरीचं चुंबकीय आघूर्ण (तिच्या चुंबकत्वाचं माप) ०.०१ अँपिअर-चौरस मीटर धरलं तर ३० सेंटिमीटरवर ७४ नॅनोटेस्ला होतात, एक मीटरवर दोन. अंतराच्या घनानं घटतं. आदित्य-एल१ वर सहा मीटरचा दांडा आहे, त्यावर तीन आणि सहा मीटरवर एकेक सेन्सर. दोघांच्या वाचनातल्या फरकावरून यानाचा स्वतःचा वाटा ओळखता येतो. ती युक्ती लहान प्रमाणात, ८० सेंटिमीटरच्या कार्बन फायबरच्या दांड्यावर, करता येते, पण दांडा उघडण्याची यंत्रणा हा दुसरा प्रकल्प होतो. दिशेचंही तसंच: व्यासपीठाची दिशा ०.१ अंशानं चुकीची कळली तर आडव्या घटकात ७२ नॅनोटेस्लाची चूक. अशा उड्डाणातून जागतिक चुंबकीय नकाशाला भर घालू, असं लिहिणारा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत उघडा पडतो. क्षेत्राचं एकूण मूल्य मोजू, तापमानाचा परिणाम जमिनीवरच्या अंशमापनाशी ताडू, एवढं लिहिलं तर ते निभावतं.

दुसरा प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा समितीनं कात्री लावली ती सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सला. ओव्हरहाउजर यंत्र, सहा बॅच आणि गाडीभाडं जसंच्या तसं राहिलं. सध्या चौथी बॅच भट्टीतून आली आहे. बावीस अंगठ्यांपैकी पाच ठेवण्यासारख्या निघाल्या.